लिव्हरचे टॉनिक मागू नका, दाब विचारा

"डॉक्टर, लिव्हरसाठी एखादे चांगले टॉनिक लिहून द्या ना!"

ओपीडीत हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. पूर्वी मी मुकाट्याने लिहून द्यायचो. पेशंट खूश, मेडिकलवाला खूश आणि माझीही समजावण्याची दहा मिनिटे वाचायची. आता मी लिहीत नाही. त्याचे कारण एक फाईल आहे.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका गृहस्थांना रक्ताची मोठी उलटी झाली म्हणून रात्री आणले. त्यांना सिरोसिस असल्याचे दोन वर्षांपासून ठाऊक होते. पत्नीने पिशवीतून फाईल काढली. प्रत्येक चिठ्ठीवर लिव्हरचे टॉनिक होते. एसजीपीटी चार वेळा तपासलेला, दर वेळी जवळजवळ नॉर्मल. प्लेटलेट मात्र दोन वर्षे नव्वद हजारांच्या आसपास होत्या आणि त्या आकड्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. एंडोस्कोपी एकदाही नाही. "एक दिवस औषध चुकवलं नाही हो," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आणि ते खरेच होते. त्या रात्री ते वाचले, पण आयसीयू आणि रक्ताच्या बाटल्यांपायी घर कर्जात गेले.

चूक कुठे झाली, हे समजण्यासाठी लिव्हरकडे रक्त कसे येते ते पाहू. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग आतडी आणि प्लीहेकडून पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतो. सिरोसिसमध्ये लिव्हर व्रणांनी घट्ट होते आणि हे रक्त अडते. पाट तुंबला की पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात शिरते, तसेच इथे होते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, प्लीहा सुजते, तिच्यात प्लेटलेट अडकून रक्तातल्या कमी होतात, पोटात पाणी साठते.

१९८०च्या दशकात प्रयोगशाळेत उंदरांची पोर्टल व्हेन अर्धवट बांधून झालेल्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पुढची वाट अरुंद झाली तरी मागून येणारा लोंढा कमी होत नाही, उलट वाढतो, कारण आतड्यांच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. म्हणजे दाब दोन्हीकडून चढतो.

हा दाब मोजता येतो. मानेच्या शिरेतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेऊन दाबातला फरक पाहतात. निरोगी माणसात तो १ ते ५ असतो. १० झाला की पोटात पाणी होण्याचा धोका सुरू होतो, १२च्या वर फुगलेल्या शिरा फुटू शकतात. कोणत्या टॉनिकच्या जाहिरातीत हा आकडा तुम्ही वाचला आहे?

दाब कमी करणारी औषधे आहेत आणि ती जुनी आहेत. १९८१ साली फ्रान्समध्ये लेब्रेक आणि सहकाऱ्यांनी सिरोसिसमध्ये रक्तस्राव होऊन गेलेल्या ७४ रुग्णांवर प्रोप्रॅनोलॉल वापरून पाहिले. वर्षभरात पुन्हा रक्तस्राव न झालेले रुग्ण औषधाच्या गटात ९६ टक्के होते, खोट्या गोळीच्या गटात ५० टक्के. २०१९ साली स्पेनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दाब १० किंवा अधिक, पण अजून पोटात पाणी किंवा रक्तस्राव न झालेले २०१ रुग्ण होते. सुमारे तीन वर्षांत आजार बळावणे किंवा मृत्यू खोट्या गोळीच्या गटात २७ टक्के, तर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांत १६ टक्के. या गोळ्या इतक्या स्वस्त आहेत की त्यांची जाहिरात कोणाला परवडत नाही!

"पण टॉनिकने तोटा तर नाही ना?" तोटा आहे. पहिला तोटा वेळेचा. बाटली चालू आहे म्हणून पेशंट निर्धास्त, डॉक्टरही निर्धास्त, आणि दाब आत वाढत राहतो. दुसरा, 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. २०२० साली मुंबईत चार महिन्यांत गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले.

हा वाद आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी असा मुळीच नाही. सिलिमरिनच्या गोळ्या लिहिणारे आमचेच एमडी आहेत. २०१२ साली अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त डोसमध्ये सिलिमरिन देऊन पाहिले. एसजीपीटी खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरला नाही. तरीही आम्ही लिहितो, कारण पेशंटला रिकाम्या हाताने पाठवणे जड जाते. यात माझाही हात होता, हे कबूल करतो.

मग काय करायचे? दारू पूर्ण बंद. 'फक्त बिअर' हाही अपवाद नाही. हिपॅटायटिस बी आणि सी तपासा, त्यांवर खरी औषधे आहेत. वजन आणि शुगर आटोक्यात ठेवा. आणि सिरोसिस असेल तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझ्या प्लेटलेट किती? फायब्रोस्कॅन किती? एंडोस्कोपी हवी का? प्लेटलेट दीड लाखांच्या वर आणि फायब्रोस्कॅन २०च्या खाली असेल तर एंडोस्कोपी बहुधा टाळता येते.

एक ताकीद. हा लेख वाचून प्रोप्रॅनोलॉल स्वतःहून आणू नका. दमा, कमी बीपी किंवा मंद नाडी असेल तर ते घातक ठरू शकते, आणि चालू असलेले अचानक बंद करणेही धोक्याचे. ते व्रण पुसत नाही, फक्त दाब उतरवते.

त्या फाईलमधला नव्वद हजारांचा आकडा दोन वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तुमच्या घरात अशी फाईल असेल तर आज रात्री काढा आणि प्लेटलेटचा आकडा पाहा. टॉनिकच्या बाटलीचे पैसे एंडोस्कोपीसाठी बाजूला ठेवा.