दाढेचे दुखणे आणि दाद मागण्याचा हक्क

दाढ दुखू लागली म्हणजे आमचा शेतमजूर प्रथम लवंग धरतो, मग तंबाखूची चिमूट दाबतो, मग दुकानातून गोळ्या आणतो आणि कामावर जातो. गाल सुजून तोंड उघडेनासे झाले म्हणजे तो दवाखान्याची वाट धरतो. तेथे त्यास पहिला प्रश्न होतो, “इतके दिवस काय करीत होतास?” आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न चुकीच्या माणसास विचारला जात आहे.

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. अशा गावाच्या वाट्यास सरकारी व्यवस्थेत येते ते प्राथमिक आरोग्य केंद्र. केंद्र सरकारने २०१२ साली सुधारून काढलेल्या मानकांत सपाट प्रदेशातील ३०,००० लोकसंख्येमागे असे एक केंद्र धरले होते आणि त्याच्या नोकरवर्गात दंतवैद्याचे पदच नव्हते. ते पद वरच्या पायरीस, १,२०,००० लोकांमागच्या रुग्णालयात, तेथेही एकच! दातांचा हिशेब वाचकांनीच करावा. तो एक रजेवर गेला, त्याची बदली झाली किंवा खुर्ची बिघडली, की तेवढ्या मुलखाची दंतसेवा बंद. शासकीय दंत महाविद्यालय गाठावे तर ते छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे सुमारे २०० कि.मी. दूर. तितकी मजुरी बुडवून कोण जाईल?

देशात दंतवैद्य नाहीत म्हणून असे घडते काय? मुळीच नाही. ३०० हून अधिक दंत महाविद्यालये दरसाल हजारो पदवीधर बाहेर काढतात. त्यांतील बहुतेक महाविद्यालये खाजगी आहेत. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली आहे. तुटवडा माणसांचा नसून सरकारी पदांचा आहे, आणि पदे निर्माण करणे हे सर्वस्वी सरकारच्या हाती आहे.

या तुटवड्यातूनच हयगय जन्मास येते. दाढेची मुळे साफ करून ती वाचवावयाची तर रुग्णास दोन-तीन वेळा बसवावे लागते; दाढ उपटणे काही मिनिटांचे काम. दाराशी रांग असली म्हणजे वाचण्याजोगा दातही उपटला जातो. मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय, हे विचारावयाचे राहून जाते. हत्यारे नीट निर्जंतुक करावयास वेळ लागतो; घाई झाली तर एकाची कावीळ दुसऱ्यास लागते. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली उतरला तर श्वासनलिका दबून माणूस दगावतो, ही गोष्ट किती घरांस ठाऊक आहे? २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोक तंबाखू खाणारे वा मिश्री लावणारे आढळले. त्यांच्या गालातील पांढरा चट्टा वेळीच पाहणारा कोणी नसेल तर तो कर्करोग होऊनच दिसतो. आणि सरकारी खुर्ची रिकामी, म्हणून बाजारात पक्कड घेऊन बसलेल्या भोंदूचे फावते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने अशा नोंदणी नसलेल्या माणसास धंदा करण्याची मनाई केली, तरीही!

बरे, हयगय झाली तर दाद कोठे मागावी? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली खरी, परंतु जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये त्यातून वगळली. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्वांस मोफत उपचार सुरू केले. मोफत उपचाराचे आम्ही स्वागतच करतो. पण ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे आणि गरिबास बंद, हा न्याय आम्हांस समजत नाही.

गरिबास उरतो तो दिवाणी दावा. औरंगाबादच्या सरकारी प्रसूतिगृहात १९६३ साली एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी टॉवेल राहून गेला व ती मरण पावली. नुकसानभरपाईस सरकार जबाबदार आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द मिळावयास १९९६ साल उजाडले. तेहतीस वर्षे! त्याच वर्षी बंगालमधील एका खेतमजुराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही बजावले की, पैसा नाही ही सबब सांगून सरकारला आपली घटनात्मक जबाबदारी टाळता येणार नाही. मग जी खुर्ची सरकारने कधी मांडलीच नाही, तिच्यापायी झालेल्या मरणास एकट्या थकलेल्या डॉक्टरला जबाबदार धरून कसे भागेल?

तेव्हा बंधुभगिनींनो, दवाखान्यातील प्रत्येक कागद जपून ठेवा. दात काढण्यापूर्वी आपला मधुमेह, रक्तदाब व चालू औषधे स्वतःहून सांगा. तोंडातील जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर थांबू नका. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हा रुग्णालयास लेखी विचारा: आमच्या तालुक्यात दंतवैद्याची पदे किती मंजूर, किती भरलेली, खुर्ची व क्ष-किरण यंत्र किती दिवस बंद? दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते आले की ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.