मुक्तीचा घाणा, मुक्तीचा छापखाना : पंडिता रमाबाईंची श्रद्धा कुठे वाचावी?

१/ पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की महाराष्ट्रात पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्यांनी धर्म का बदलला? सुमारे एकशे चाळीस वर्षे हा वाद चालू आहे. मला मात्र दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. धर्म स्वीकारल्यानंतर त्या रोज काय करीत होत्या? त्याचे उत्तर दौंड तालुक्यातील केडगावात सापडते.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण दगावली. उरलेली दोघे भावंडे देशभर पायी हिंडली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

३/ १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवले. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ मध्ये वैधव्य आले, पदरी लहानगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत, अशी साक्ष दिली. समाजसेवेची ओढ धर्मांतराच्या आधीपासूनच होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

४/ १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. तेथील स्त्रिया आता स्वतःच इतरांच्या सेवेत रमलेल्या पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा स्त्रीला पुन्हा माणसांत घेणारी व्यवस्था त्यांनी मायदेशी पाहिली नव्हती.

५/ हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. ख्रिस्ती ग्रंथ रमाबाईंनी याआधीही वाचले होते. परंतु मनाला स्पर्श झाला तो हे काम पाहिल्यावर. आधी सेवा दिसली, मग तिच्यामागचा सिद्धान्त कळला. हा क्रम मला निर्णायक वाटतो.

६/ २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बुद्धी त्यांनी कुणाकडेही गहाण ठेवली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त असो वा चर्चचा अधिकार, आपल्या गुरुभगिनींशी त्या पत्रांतून निकराने वाद घालीत राहिल्या.

७/ पुढे अमेरिकेत त्यांनी बालवाडीची शिक्षणपद्धती अभ्यासली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, निधी उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत.

८/ त्याच वर्षी वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. त्यांची तक्रार पोकळ नव्हती. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील, या विश्वासावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेचे वजन आश्रितावर पडतेच; रमाबाईंच्या चाहत्यांनीही हे मान्य करावे.

९/ मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार स्त्रिया व मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दीड हजाराच्या घरात पोहोचली होती. इतक्या तोंडांना रोज अन्न कसे पुरवायचे?

१०/ उत्तर होते काम. विहिरी, शेती, फळबाग, गुरांचा गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना. प्रार्थना होत्याच, पण दिवसाचा मोठा भाग अभ्यासात व श्रमात जाई.

११/ कुणी म्हणेल, विधवा घरीही राबतच होती. खरे आहे. परंतु त्या राबण्याला ना मोल होते, ना नाव. केडगावात तेच हात कसब शिकले. माग चालवणारी, खिळे जुळवणारी स्त्री कुणाच्या दयेवर जगत नाही. दान पोट भरते, कसब मान ताठ करते. रमाबाईंच्या श्रद्धेचा गाभा मला येथे दिसतो.

१२/ अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन निघाले. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उभे राहिले. फुलहॅमला पाहिलेले घर असे केडगावात आले.

१३/ राज्यकर्ते स्वधर्मीय, म्हणून रमाबाई गप्पही बसल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली. सेवेची निष्ठा सत्तेच्या निष्ठेहून वेगळी असते.

१४/ अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक आत्मसात करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावे, हा हेतू. १९२१ मध्ये मनोरमा गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. ज्या स्त्रियांना कुणी अक्षर शिकवले नसते, त्यांच्या हातांनी तो छापला.

१५/ सुधारकांचा इतिहास रमाबाईंना ‘पुढे ख्रिस्ती झाल्या’ या एका वाक्यात निरोप देतो. भाविकांची चरित्रे त्यांच्या प्रार्थना सांगतात आणि घाण्याला, गोठ्याला दोन ओळींत उरकतात. दोघेही एकाच गोष्टीचे दोन तुकडे करतात. रमाबाईंच्या लेखी विहीर खणणे आणि प्रार्थना करणे हे दोन वेगळे उद्योग नव्हते.

१६/ त्यांचे धर्ममत आपल्याला पटो वा न पटो, त्यांनी घालून दिलेली कसोटी कुठल्याही धर्माला लावता येते. टाकून दिलेल्या माणसाला तुमच्या श्रद्धेने जागा दिली का? आणि ती देताना त्याला याचक ठेवले, की स्वतःच्या पायांवर उभे केले? धर्मांतराचा वाद आणखी शंभर वर्षे चालेल. ही कसोटी मात्र आपल्याला आजच लावून पाहता येईल.