पाय मोडलेल्या विजेत्याने वंश चालवावा का?

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४३ पासून इंडियन डर्बी होते. जिंकलेल्या घोड्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते. धावताना ज्याचा पाय मोडतो, त्याचे पुढे काय होते याची चर्चा मैदानाबाहेर फारशी होत नाही. घोडा विजेता असेल, तर ‘शर्यत संपली, पण पैदाशीला तरी उपयोगी पडेल’ असा विचार लगेच पुढे येतो. हा विचार बरोबर आहे का?

आधी एक गैरसमज दूर करू. अपघाताने मोडलेला पाय पुढच्या पिढीत उतरत नाही. इंग्लंडमधल्या मिल रीफ या घोड्याने १९७१ ची एप्सम डर्बी जिंकली आणि पुढच्याच वर्षी सरावात त्याचा पुढचा डावा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर तो पैदाशीसाठी ठेवला गेला. त्याच्या दोन मुलांनी, शर्ली हाइट्सने १९७८ मध्ये आणि रेफरन्स पॉइंटने १९८७ मध्ये, तीच डर्बी जिंकली.

पण म्हणून प्रत्येक जखमी विजेता मिल रीफ ठरत नाही. हाड मोडण्याची किंवा पायाची शीर दुखावण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते, असे ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या शर्यतीच्या घोड्यांवरील अभ्यासांत दिसले आहे. एका स्टॅलियनपासून एका हंगामात शंभरहून अधिक शिंगरे होऊ शकतात. दोष रक्तातला असेल, तर तो वेगाबरोबरच पसरतो.

दुसरा मुद्दा वेदनेचा. सुमारे पाचशे किलोचा हा प्राणी माणसासारखा आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहू शकत नाही. एक पाय मोडला की भार उरलेल्या पायांवर येतो आणि खुरांच्या आतले थर सुजून सुटू लागतात. याला लॅमिनायटिस म्हणतात. २००६ ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या बार्बरोचा मागचा उजवा पाय दोनच आठवड्यांनी मोडला. आठ महिने उत्तम उपचार झाले, पाय जुळतही आला. पण लॅमिनायटिसमुळे जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

गाई-म्हशींत सर्रास होणारे कृत्रिम रेतनही इथे चालत नाही. तसे जन्मलेले शिंगरू थरोब्रेड म्हणून स्टड बुकात नोंदले जात नाही. म्हणजे नराला मागच्या दोन पायांवर सगळा भार घेऊन उभे राहावे लागते, आणि तेही हंगामात वारंवार. घोडीला अकरा महिने गर्भाचे वजन वाहावे लागते. ‘आता नुसता आराम’ हे म्हणणे म्हणूनच खरे नाही.

शर्यतीनंतर घोड्याचा उपयोग करून घेणे आपल्याला नवे नाही. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे एकेकाळी परळच्या हाफकिन संस्थेकडे सीरमसाठी दिले जात. १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहण्यामागे हाच अनुभव होता. कोणी विचारेल, पैदाशीची आशाच नसेल तर महागडा उपचार करणार कोण? प्रश्न खरा आहे. त्या आशेनेच काही घोडे वाचतात. पण हीच आशा कधी कधी त्यांचे हाल लांबवते.

माझ्या मते जखमी विजेत्याला पैदाशीत ठेवण्याआधी तीन अटी हव्यात. दुखापत अपघाताची होती की त्याच्या घराण्यात वारंवार दिसणारी, हे तपासावे. तो पैदाशीचे काम वेदनेविना करू शकतो, असा निर्वाळा मालकाच्या पगारावर नसलेल्या पशुवैद्याने द्यावा. परळमध्ये १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या शहरात अशा तज्ज्ञांची वाण नसावी. आणि पैदास जमली नाही, तरी त्याच्या चाऱ्या-पाण्याची, औषधाची तजवीज आधीच झालेली असावी.

शिवाय स्टॅलियनच्या जाहिरातीत वंशावळ आणि जिंकलेल्या शर्यती छापल्या जातात, तशाच त्याच्या दुखापतीही छापाव्यात. घोडी घेऊन येणाऱ्याला तो किती वेगाने धावला हे कळते. त्याचे पाय किती टिकले, हेही कळायला हवे.