दंडाला पट्टा, मुठीला ताकद
1966 साली जपानमध्ये योशिआकी सातो हा तरुण एका धार्मिक विधीला बराच वेळ गुडघे मुडपून बसला आणि व्यायाम केल्यासारख्या त्याच्या पोटऱ्या ताठरल्या. त्यातून निघालेली युक्ती आता हाताची पकड सुधारण्यासाठीही वापरतात. दंडाला हवेचा पट्टा बांधून रक्तप्रवाह थोडा रोखायचा आणि चेंडू दाबायचा. प्राणवायू कमी पडला की स्नायू लवकर थकतो. मग एरवी जड वजनालाच जागे होणारे तंतू हलक्या कामालाही धावून येतात. वजन न झेपणाऱ्यांची त्यामुळे सोय होते. मात्र घरी नाडी किंवा ओढणी आवळून हा उद्योग मुळीच करू नये! दाब तज्ज्ञानेच मोजून ठरवायचा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला तर रक्तदाब मोजण्याचा पट्टासुद्धा बांधत नाहीत.