आधी तपासणी, मग औषध

मधुमेह असलेल्या एखाद्या गृहस्थाच्या पायाला नवी चप्पल चावते. जखम किरकोळ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. चार दिवसांनी पाय सुजतो, पू दिसू लागतो. मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी येते. ठणका कमी झाला की उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. आठवड्याने पाय पुन्हा सुजतो. या वेळी 'अधिक जोराची' गोळी, त्यानंतर इंजेक्शन. महिनाभराने हाच गृहस्थ शहरातील मोठ्या रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा शल्यविशारदांचा पहिला प्रश्न असतो, "पू तपासायला पाठवला होता का?" घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. तोवर प्रश्न जखमेचा राहिलेला नसतो. पाय वाचेल की नाही, याचा झालेला असतो.

ज्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, त्या देशात हे चित्र एका घरापुरते राहत नाही.

'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीचे तत्त्व साधे आहे. जखम सलाईनने स्वच्छ धुऊन तिच्या खोल भागातील पू किंवा ऊतीचा तुकडा निर्जंतुक नळीत घेतला जातो. वरवर साचलेला पू पुसून घेतला, तर त्यात त्वचेवर एरवीही असणारे जिवाणू येतात आणि अहवाल दिशाभूल करतो. नमुन्याचा अंश रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जिवाणूंच्या जातकुळीचा पहिला अंदाज त्याच दिवशी मिळतो. उरलेल्या नमुन्यातील जिवाणू पोषक माध्यमावर वाढवतात. मग निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या त्या वाढीवर ठेवल्या जातात. ज्या चकतीभोवती पुरेसे मोठे मोकळे वर्तुळ उमटते, ते औषध उपयोगी. जिच्या अगदी कडेपर्यंत जिवाणू वाढतात, ते निरुपयोगी. या सर्वाला दोन ते तीन दिवस लागतात. रुग्ण गंभीर असेल, तर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करावे आणि अहवाल आल्यावर त्यात बदल करावा, हा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. क्रम मात्र मोडता कामा नये : आधी नमुना, मग औषधाची पहिली मात्रा.

अर्थात प्रत्येक खरचटण्यासाठी प्रयोगशाळा गाठण्याचे कारण नाही. लाली, सूज, उष्णता, ठणका, पू अशी लक्षणे नसलेल्या जखमेला तपासणीही नको आणि प्रतिजैविकही नको. साचलेल्या पुवाला वाट करून देणे, सडलेला भाग काढणे, रक्तातील साखर आटोक्यात आणणे, यांची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही. परंतु जखम खोल असेल, चिघळत असेल, शस्त्रक्रियेनंतर टाक्यांतून पू येत असेल किंवा आधीचे औषध लागू पडले नसेल, तर तपासणीवाचून औषध देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

याची किंमत एकटा रुग्ण मोजत नाही. अर्धवट घेतलेल्या किंवा चुकीच्या औषधाने दुर्बळ जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पसरतात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ साली प्रसिद्ध केला.

अशाच एका चिवटपणाच्या घटकाला 'न्यू दिल्ली'चे नाव दिले गेल्यावरून २०१० साली देशभर संताप उसळला. राजधानीच्या नावाला लावलेला तो डाग कोणाही भारतीयाला झोंबणाराच होता. परंतु नावाला हरकत घेताना उरलेल्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे परवडणारे नव्हते. २०११ साली त्याच जनुकाचे अस्तित्व दिल्लीतील पाण्याच्या नमुन्यांतही आढळले. स्वाभिमान केवळ निषेधाने राखला जात नाही. घर स्वच्छ ठेवून राखावा लागतो.

दोष केवळ रुग्णाच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. रोजंदारी बुडवून तीन दिवस अहवालाची वाट पाहणे गरिबाला जड जाते. अनेक तालुक्यांच्या गावी ही तपासणी होतच नाही. नमुना जिल्ह्याला पाठवावा लागतो. अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवावी, असे बंधन घालणारी 'एच-१' अनुसूची मार्च २०१४ पासून अमलात आहे. तरीही चिठ्ठीवाचून गोळ्या मिळतात, हे उघड गुपित आहे. केरळने २०२४ साली 'ऑपरेशन अमृत' ही मोहीम काढून अशा विक्रीवर छापे घातले. इतर राज्यांना त्यात अशक्य काय आहे? केंद्राचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ साली आला, त्यानंतर दुसराही आला. आता आराखड्यातील शब्द तालुक्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले पाहिजेत. नमुने वेळेत नेण्याची सोय, प्रशिक्षित सूक्ष्मजीवतज्ज्ञ आणि गरिबाला विनामूल्य तपासणी, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. शिवाय अशा अहवालांची एकत्र नोंद ठेवली, तर त्या भागात कोणते औषध चालते आणि कोणते थकले, हे डॉक्टरांना आधीच कळेल. एका रुग्णाचा अहवाल पुढच्या शंभरांच्या कामी येईल.

व्रणाचा वर्ण, गंध आणि स्राव पारखूनच उपचार ठरवावा, ही शिकवण सुश्रुताने याच भूमीत दिली. त्याच्या संहितेत व्रणचिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने परीक्षेवाचून औषध घ्यावे, ही विसंगती आहे. वस्तीवस्तीत आरोग्य केंद्रे आणि शिबिरे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घेतला, तर तो घराघरांत पोहोचेल. कुटुंबांनीही तीन गोष्टी ठरवाव्यात : चिठ्ठीवाचून प्रतिजैविक आणायचे नाही, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत आणि चिघळलेली जखम दाखवताना डॉक्टरांना आदरपूर्वक विचारायचे, "आधी तपासणी करून घ्यायची का?" एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर अनेकांचे पाय वाचतील आणि हाती उरलेली थोडी औषधे पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहतील.