तुमची लिंक कुणी उघडली?

सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही असते. कोण आलं, किती वाजता, कुणाकडे, सगळं त्यात लिहिलेलं. तुमच्या गूगल ड्राइव्हच्या दारात अशी वही आहे का, कधी बघितलंय?

मीही बघितलं नव्हतं. गेल्या वर्षी भाड्याचं घर शोधताना आधार, पॅन आणि पगाराच्या स्लिप एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि एजंटला लिंक पाठवली. घर मिळालं, लिंक विसरले. आठ महिन्यांनी बघते तर ती अजून चालू! एवढ्या दिवसांत ती कुणाकुणाच्या हातात गेली असेल?

शोधायला गेले, तर उत्तरच सापडेना. आपल्या साध्या खात्यात फाइलची ‘ॲक्टिव्हिटी’ बघता येते. फाइल कुणी बदलली, हलवली, शेअर केली, ते त्यात कळतं. पण कुणी नुसती उघडून वाचली, तर ते दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही ही वही स्वतःच उघडावी लागते. ॲमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजमध्ये फाइल कुणी, कधी, कुठल्या आयपी ॲड्रेसवरून मागितली याची नोंद ठेवण्याची सोय आहे. पण ती मुळात बंद असते. आज चालू केली, तर कालचं काही मिळत नाही.

आपल्याला पाहुण्यांची वही मिळत नाही, मग निदान दार तरी नीट लावूया:

• फाइल किंवा फोल्डरच्या तीन टिंबांवर जा, ‘मॅनेज ॲक्सेस’ उघडा. लिंक असलेल्या कुणालाही परवानगी असेल, तर ‘रिस्ट्रिक्टेड’ करा.

• पुढच्या वेळी लिंक सगळ्यांसाठी खुली करू नका. समोरच्याचा ईमेल टाकून शेअर करा आणि काम झालं की नाव काढा.

• गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ बघा. अनोळखी फोन दिसला, तर तिथूनच साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

• जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात.

एक लक्षात ठेवा, कुणी आधीच डाउनलोड केलेली कॉपी लिंक बंद केल्याने परत येत नाही. म्हणून उद्यावर टाकू नका. आज चहा उकळेपर्यंत स्वतःचा ड्राइव्ह तपासा, आणि मग आईबाबांचा फोनही मागून घ्या!