घराची शाळा होताना

शाळा म्हणजे केवळ इमारत नव्हे, असे आपण अनेकदा ऐकतो. या वाक्याचा खरा अर्थ दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम या शहरांतील कुटुंबांना 2020 साली कळला. त्या वर्षी मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. दिल्लीतील नर्सरी ते आठवीचे वर्ग, मधल्या काही दिवसांचा अपवाद सोडला तर, 14 फेब्रुवारी 2022 रोजीच पुन्हा भरू लागले. साथ आली तेव्हा पहिलीत असलेले मूल शाळेची पायरी पुन्हा चढले, तेव्हा त्याचे तिसरीचे वर्ष संपत आले होते. साथ ओसरली, पण प्रश्न संपला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये राजधानीतील हवा अतिशय दूषित झाली आणि काही दिवस शाळा पुन्हा मोबाईलच्या पडद्यावर भरल्या. घरी बसून शिकणे हा आता एखाद्या वर्षाचा अपघात राहिलेला नाही.

अशा वेळी घरात शाळा येते, म्हणजे नेमके काय येते? धडे येतात, गृहपाठ येतो, परीक्षा येते. परंतु मधल्या सुट्टीतील डबा येत नाही, मैदान येत नाही, शेजारच्या बाकावरील मित्र येत नाही. मुलाचा चेहरा उतरलेला पाहून ‘काय झाले रे?’ असे विचारणारी शिक्षिकाही येत नाही. शाळेतील कष्ट घरी पोहोचतात आणि आनंद मात्र फाटकाबाहेर राहतो. मुलांच्या मनावरील ताणाचे मूळ येथे आहे.

त्यात महानगरातील घर लहान. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास चालतो. मोबाईल एकच, तो वडील कामावर घेऊन गेले तर वर्ग बुडतो. हवा दूषित असेल तर खिडकीही उघडता येत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी दिल्लीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे उदाहरण घ्यावे. आजी-आजोबा दूर गावी. रागावलेल्या आईपासून पळून जाऊन जिच्या कुशीत शिरावे, ती आजीची मांडी या घरांत सहसा नसते.

मूल आपले दुःख मोठ्यांसारखे शब्दांत सांगत नाही. त्याचे पोट दुखू लागते, झोप मोडते, क्षुल्लक कारणावरून ते चिडते किंवा अगदी गप्प होते. एरवी सुटलेली अंगठा चोखण्याची सवयही एखाद्या मुलात परत येते. पालक याला आळस किंवा हट्ट समजतात आणि आवाज चढवतात. भेदरलेल्या मुलाचे लक्ष मग अक्षरांकडे राहत नाही. ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे लागते. म्हणूनच मनाची शांती ही अभ्यास संपल्यावर द्यायची खाऊची पुडी नव्हे. ती अभ्यासाची पूर्वअट आहे.

‘आम्हीही मार खाऊनच शिकलो, आमचे काय बिघडले?’ असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडते. आनंदीबाई जोशी यांना त्यांचे पती गोपाळराव यांनी घरीच शिकवले. 1886 साली आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टर झाल्या. एवढे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच आनंदीबाईंनी अमेरिकेहून गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रात लहान वयात त्यांच्याकडून सोसलेल्या माराची आठवण काढली आहे, हे सांगायचे राहून जाते. पदवी मिळाली, कीर्ती मिळाली. तरी ती जखम विसरली गेली नव्हती. त्या मारामुळे शिकल्या नाहीत, मार सोसूनही शिकल्या. या दोन गोष्टींतील अंतर प्रत्येक पालकाने ओळखले पाहिजे.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांचे. 1873 साली विवाह झाल्यावर न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना घरीच अक्षरओळख करून दिली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. त्यांचे टोमणे आणि विरोध सोसत रमाबाई शिकत राहिल्या, असे त्यांच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींवरून दिसते. घरातील एक माणूस पाठीशी उभा असेल, तर उरलेल्या घराचा रोषही सोसता येतो. प्रत्येक मुलाला असे एक माणूस हवे असते.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. मात्र जी वागणूक शिक्षकाला वर्ज्य, ती घराची शाळा झाल्यावर पालकाला क्षम्य कशी ठरेल? कायद्याचा डोळा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तेथे विवेकानेच पहारा दिला पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. दिवसभर राबून आलेल्या आईबापांकडे वेळ कोठून असणार? स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले असेल, तर मुलाला शिकवणार तरी कसे? परंतु येथे गणित शिकवण्याची अपेक्षाच नाही. दिवसातून पंधरा मिनिटे हातातले काम बाजूला ठेवून मुलाचे बोलणे ऐकावे. अभ्यासाची व खेळाची वेळ शक्यतो ठरलेली असावी. शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. चूक झाली तर चुकीविषयी बोलावे, मुलाच्या बुद्धीविषयी नव्हे. मित्राशी फोनवर दोन शब्द बोलू द्यावेत. यांपैकी कशालाही पदवी लागत नाही. एवढे करूनही मूल अनेक दिवस उदास राहिले, तर मदत मागण्यात कमीपणा मानू नये. 2022 साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक आणि मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक, दोन्ही विनामूल्य आहेत.

ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी शाळाच मुलांच्या दारी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. शाळेने मुलाकडे जायचे असते, हे त्यांनी दाखवून दिले. आज मोबाईलमुळे धडा क्षणात घरी पोहोचतो. पण त्या धड्याबरोबर माया पोहोचवण्याचे काम कोणतेही यंत्र करीत नाही.

मुक्त शिक्षणाच्या वाटेने पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या प्रौढांना हे समजावून सांगावे लागू नये. ‘तुला जमणार नाही’ या तीन शब्दांनी किती जणांची शाळा सुटली, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल? ज्या घरात आई आपला धडा वाचते आणि शेजारी मूल आपला, त्या घरात दोघेही विद्यार्थी असतात. अडखळल्यावर आईला जो धीर हवासा वाटतो, तोच मुलालाही हवा असतो. तो देण्यासाठी घर मोठे असावे लागत नाही. मन मोठे असले की पुरे.